दूधवाल्याची बादली आणि माझी नोकरी

ती. मामांना,

नमस्कार. (चिडून केलेला आहे, तरी पोचला असं समजावं.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? गेला असेल तर हे पत्र त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे घरातही एकदाचं कळेल.

इंग्रजी वाक्प्रचार कुठून आले, हे रोज परिपाठात पाच मिनिटं सांगायचं काम मुख्याध्यापिकांनी मला दिलं. ते जमलं तर माझी हंगामी नोकरी कायम होणार होती. तुम्ही म्हणालात, 'मला विचार की!' विचारलं. चाळीस वर्षं टपालावर शिक्के मारलेला माणूस (इंग्रजीशी संबंध पाकिटावरच्या पत्त्यापुरता), आणि त्याच्यावर मी विसंबले! 'किक द बकेट' म्हणजे मरणे, का तर राजवाड्यातला एक दूधवाला येता-जाता बादलीला लाथ मारायचा, आणि तिसऱ्या लाथेला बायकोने तीच बादली त्याच्या डोक्यात... शी! 'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणे, का तर कुणी नवरदेव मोजे न घालताच लग्नातून पळाला. आणि हे मी माइकवरून सांगितलं, हातवारे करून!

गेल्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. चारशे मुलांसमोर त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी ताठ मानेने म्हटलं, 'मामांनी सांगितलं.' साहेब हसले, मुलं हसली, शिपाईसुद्धा घंटा सोडून हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तुम्हाला फोन केला तर वर म्हणता, 'अगं, पण पटलं होतं ना?' पटलं होतं म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात जातेय!

मग मी जाडजूड कोश धुंडाळले. (शिंका येऊन येऊन नाक सोललं.) बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर: उगम नक्की माहीत नाही. सोमवारपासून मी तेवढंच, खरं खरं सांगते. गुरुवारी सहावीतल्या एका मुलीने हात वर केला, 'बाई, मग त्या दूधवाल्याच्या बायकोचं पुढे काय झालं?' सगळी शाळा कान टवकारून बसली, आणि मी शिपायाला घाईघाईने घंटा वाजवायला लावली. यापुढे मी तुमच्याशी बोलणार नाही.

तुमची (नाइलाजाने) भाची

ता. क. बोलणार नाही असं वर लिहिलंय, पण काम निघालंय.

आणखी एक ता. क. मुख्याध्यापिका तुम्हाला फोन करणार आहेत. खरं सांगायला लागल्यापासून मुलं परिपाठाला उशिरा येतात, म्हणून मला काढून तुम्हालाच मानधनावर बोलवावं असं त्यांच्या मनात आहे. मामा, हात जोडते, नाही म्हणा. कारण काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्या बाबतीत तुमचा हात कोण धरणार!