बियाण्याच्या गाडग्यातला बॅकअप

४ जानेवारी
लॅपटॉप उघडेपर्यंत दोन भाकरी होतात. पुण्याला श्रद्धाला फोन केला. म्हणाली, आई, मी सुट्टीत येऊन फॉरमॅट करते, सगळं पुसलं जाईल, तोवर बॅकअप घेऊन ठेव. लेकीला म्हटले, संक्रांतीच्या आत होईल. हे गेल्यापासून घर मीच चालवते, एक मशीन काय.
त्यावर यांचे धडे आहेत. शाळा बंद होत्या तेव्हा सातवीच्या मुलांसाठी रेकॉर्ड केलेले. बाष्पीभवनाच्या धड्यात मधेच कुकर वाजतो आणि हे 'झाली' लांबवून म्हणतात, लीला, शिट्टी झाऽली. त्या धड्याचे विशेष असे काही नाही. मुलांच्या उपयोगाचे म्हणून जपायचे.

६ जानेवारी
सॉफ्टवेअर निवडायला बसले. एक फुकट, पण महिन्याने पैसे मागणार. एक पैसे मागत नाही, पण जन्मतारखेपासून सगळे विचारते; स्थळ आले तरी इतके विचारत नाहीत. एक म्हणते, सगळे ढगात ठेवू. ढगांवर विसंबून परभणी जिल्ह्यात कुणाचे भले झालेले नाही. चौथे घेतले. हिरवे बटण आहे, कमी बोलते.

८ जानेवारी
पेनड्राइव्हवर बॅकअप झाला. रोज दुपारी चारला आपोआप होईल असे लावले. नीट उतरला का म्हणून बाष्पीभवन तपासले. चालते.
पुन्हा एकदा तपासले.

९ जानेवारी
इंटरनेटवर वाचले, एक प्रत घराबाहेर ठेवावी. जगाला हे आता कळले. इकडे बियाणे कधी एकाच घरात ठेवत नाहीत, थोडे शेजारी असतेच. पेनड्राइव्ह शेजारच्या सरजाबाईकडे दिला. ती म्हणाली, ह्यात काय हाय वो लीलाबाई? म्हटले, बियाणंच समज. तिने शेळ्या बांधता बांधता तो ज्वारीच्या बियाण्याच्या गाडग्यात पुरला, राख आणि कडुनिंबाच्या पाल्यात. म्हणाली, आता कीड लागत न्हाई.
व्हायरसचा प्रश्न मिटला.

१० जानेवारी, दुपारी ४
सॉफ्टवेअर लाल अक्षरांत म्हणते, ड्राइव्ह सापडत नाही. इतका सुरक्षित आहे की त्यालाही सापडत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी आता नसतात, त्यामुळे वेळ भरपूर. गाडग्यातून ड्राइव्ह आणून बॅकअप तपासला. आवाज पूर्ण वाढवून तपासावे, म्हणजे दोष कळतो. दोष नाही. रोज असेच करते, नेऊन परत ठेवते.

१७ जानेवारी
सरजाबाई बोललीच. म्हणाली, काय वो, बी कुणी रोज उकरून बघतंय व्हय? उगवंल का मग ते?
तिला व्यवस्थापन कळत नाही. तरी ठरवले, आता तपासणी बंद. मला काही त्याची गरज नाही.

१८ जानेवारी
लॅपटॉपवर बाष्पीभवन तपासले. बंद आहे ती प्रतीची तपासणी. मुळाची नाही.

२५ जानेवारी
श्रद्धा आली. विचारले, आई, बॅकअप नक्की आहे ना? म्हटले, आहे, आणि घराबाहेर आहे. ती म्हणाली, तू तर लय पुढं गेलीस गं. लॅपटॉप फॉरमॅट केला. आता कणीक काढायच्या आत उघडतो. कोरा.

२६ जानेवारी
सरजाबाईने राख झटकून ड्राइव्ह दिला. लावला. गाणी. नुसती गाणी, सगळी डीजेची.
परत गेले. ती म्हणाली, माझा भाचा हाय ना, परमेश्वर, त्यो ते मागाया आलता, लग्नात गाणी वाजवाया. तुमीच म्हनलाव ना बियाणं हाय म्हणून? बी मागाया आलेल्याला न्हाई म्हणू नी. आन रिकामा न्हाई दिला त्यानं, सवाईनं भरून दिलाय!
बियाणे नेले तर पायलीला सव्वा पायली परत करायची, ही रीत मला माहीत आहे. जागा होईना म्हणून त्याने आधीचे पुसले, एवढेच.
श्रद्धाने पुसलेले शोधणारे सॉफ्टवेअर चालवले. त्याला आणखी एक गाणे सापडले.

२९ जानेवारी
श्रद्धा गेली. जाताना दोनदा म्हणाली, आई, रडून घे. कशाला? ते मुलांच्या उपयोगाचे होते. मुले आता कॉलेजात गेली.
हिरव्या बटणाचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकले. लॅपटॉप कोरा, म्हणून गाणीच त्यावर उतरवली. पेनड्राइव्ह लावूनच ठेवला आहे. चारला हिरवी खूण आली. बॅकअप पूर्ण. सगळी गाणी सुरक्षित.

२ फेब्रुवारी
कुकर लावून लॅपटॉपपुढे बसले. तपासायला काही नव्हते, तरी बसले. शिट्ट्या होत असतील, लक्ष नव्हते.
भिंतीपलीकडून सरजाबाई ओरडली, लीलाबाई, शिट्टी झाऽली वो!
'झाली' तसेच लांबवलेले. रोज पूर्ण आवाजात तपासत होते, तिच्याकडे उतरले असणार. मुळात 'बाई' नव्हते. 'वो'ही नव्हते. सवाईने परत आले.
उठून गॅस बंद केला. वरण खाली लागले होते.