हौदातल्या माशांवर हल्ला कोण करतो?

२१ जुलै, एकादशी. सकाळी ९.
पुण्य पदरात पडलं! नांदुऱ्याच्या बाजारात गोजरबाईच्या घमेल्यात एक काळा मासा तडफडत होता. विकत घेऊन बागेतल्या हौदात सोडला. आमच्या घरात कुणी कधी मासा चाखला नाही, त्यामुळे जात कळली नाही. नाव बैरागी. हौदात नातीचे, निवेदिताचे, नऊ रंगीत मासे आहेतच. जाताना बजावून गेली आहे, आजोबा, सांभाळा. राखीला आली की दहा मोजून देईन.

२३ जुलै.
रंगीत सात! त्यातल्या सोनीची शेपटी कुरतडलेली. एकतीस वर्षं तहसीलमध्ये काढली, तपास मला कुणी शिकवू नये. संशयित: बोका, खंड्या पक्षी, शेजारचा शेषराव (मासे खातो).

२५ जुलै.
बोक्यासाठी हौदाभोवती तिखट टाकलं. वारा उलटा. दुपारभर डोळे धुतले. तेवढ्यात बोका आत दूध पिऊन गेला, असं सौ. शैलजा म्हणाली. बोका निर्दोष. रंगीत सहा.

२८ जुलै.
खंड्यासाठी बुजगावणं केलं, माझा जुना सफारी घालून. शेषरावनं त्याला दोनदा रामराम घातला. मला एकदाही नाही. रंगीत पाच.

३१ जुलै.
बैरागी साबुदाण्याला तोंड लावत नाही. कडक उपास. तरी अंगानं भरतोय! मधूनमधून वर येऊन श्वास घेतो. प्राणायामच तो.

२ ऑगस्ट.
हौदावर लोखंडी जाळी. आता बैरागीच्या केसालाही धक्का लागणार नाही. रंगीत चार.

४ ऑगस्ट.
जाळी शाबूत, रंगीत दोन. म्हणजे शेषराव! तोंडावर सांगितलं. तो म्हणे, काका, मले श्रावण हाय, अन् तुमी बाहीर काऊन पाहून राह्यले, जाळीच्या आत पाहा ना. आत तर फक्त मासे आहेत, मी म्हणालो. मेला पोट धरून हसला.

७ ऑगस्ट.
शेषराव स्वतः पाहायला आला. डोक्याला हात लावून म्हणे, हे तं मरळ हाय, बारके मासेच खाते. मी सुनावलं, जातीवरून कुणावर आळ घेऊ नये. तेवढ्यात बैरागीनं तोंड उघडलं आणि सोनी आत गेली. माझ्या मते ती स्वतःहून शिरली.

९ ऑगस्ट, राखी.
निवेदिता आली. हौदात एकटा बैरागी. खंड्यावर भाषण तयार होतं, पण तिचा चेहरा पाहिला आणि ते तसंच ठेवून दिलं. चुकलं गं माझं, एवढंच म्हणालो. फार वाईट वाटलं. ती अर्धा तास रडली. मग बैरागी वर आला. डोळे पुसून तिनं जाळीला राखी बांधली. हा काय खातो, विचारलं. शेषरावनं भिंतीवरून सांगून टाकलं. मग तिनं मला शपथ घातली, याला उपाशी ठेवायचं नाही. दिला शब्द.

१० ऑगस्ट. सकाळी ८.
ऐन श्रावणात मासळीबाजार. शैलजानं घरातला डबा दिला नाही, न्हाणीतली फुटकी बादली दिली. तोंडाला उपरणं गुंडाळून गेलो, कुणी ओळखणं शक्यच नव्हतं. मागे भजनी मंडळ भाजी घेत होतं. गोजरबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, रमाकांतकाका, साफ करून देऊ काय, का काकू घरी करतीन?