मन्सूऱ्याचे तीन प्रयोग आणि शफीकाचा हिस्सा

अल्लाहला स्मरून मी, बैयूमी रिझवान, नाटकवाला आणि हल्ली सिनेमावालाही, राहणार शुब्रा, कैरो, हे लिहून ठेवतो. कुणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे; फक्त एका बाबतीत गोंधळ आहे, तोही लिहितो.

माझ्या खोट्या दाढीमिशा आणि रंगाची पेटी प्रॉम्प्टर मुर्सीला द्यावी. मला एकही भूमिका कधी धड पाठ झाली नाही. दफनानंतर कबरीपाशी बसून फरिश्त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मयताला सांगतात, ते कामही मुर्सीनेच करावं. शेखलोक फार भरभर बोलतात.

ज्या थिएटरमालकाने जाहिरातीत माझं नाव गाढवाच्या खेळाखाली छापलं, त्याला माफ केलं. मयतीला यावं, पण मागे उभं राहावं.

आता घर. मूलबाळ नाही. वारस दोनच: बायको शफीकाला चौथा हिस्सा, बाकी पुतण्या तव्वाबला. पण तव्वाब म्हणतो, काकू तुमची बायकोच उरली नाही.

त्याचं असं झालं. मन्सूरा शहराच्या दौऱ्यात नायिकेचा घसा बसला. शफीका आमचे कपडे शिवायची. पडद्याआडून ऐकून तिला सगळी भूमिका यायची. तिलाच उभी केली. तीन प्रयोग झाले, आणि तिन्ही वेळा मी, नाटकातला नवरा म्हणून, तिला तलाक दिला. थट्टेतला तलाकही लागतो आणि तीनदा दिलेला फिरवता येत नाही, असं तव्वाबचे शेख सांगतात. माझे शेख म्हणतात, नट दुसऱ्याचे शब्द बोलतो, त्याला काय लागायचं? दोघेही ग्रंथ उघडून दाखवतात. मी कुणाचं ऐकू?

मुर्सीला विचारलं. तो म्हणाला, "उस्ताद, तेवढं एकच वाक्य मला तुम्हाला कधी सांगावं लागलं नाही." झालं, आगीत तेल.

मग वकिलाने तोड काढली. वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लिहून देता येतं. शफीका बायको ठरली तर चौथा हिस्सा. परकी ठरली तर तिसरा. म्हणजे तव्वाब जिंकला तर त्याचंच नुकसान. तो समोर बसून बोटांवर हिशेब करू लागला.

शफीका मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत ऐकत होती. म्हणाली, "ते परकीचं खोडा."

मी बजावलं, की ते खोडलं आणि उद्या तव्वाबचे शेख जिंकले, तर तुला उंबराही राहणार नाही.

"तिन्ही दिवस तलाक दिलात आणि तिन्ही दिवस रंग पुसायच्या आत मला जेवायला मागितलंत. परक्या बाईकडे असं कोण मागतं? चौथाच लिहा, आणि पुढे बायको लिहा." मग तव्वाबला म्हणाली, "तू कुठे निघालास? भात टाकलाय."

तो जेवायला थांबला.

म्हणून परकीचं कलम रद्द. शफीका माझी बायको आहे. कशी, ते मला अजून उमगलेलं नाही. तिला उमगलंय, तेवढं पुरे. ज्याला वाद घालायचा, त्याने तिच्याशी घालावा.

वाचून, समजून, जमेल तितकं, सही केली.

बैयूमी रिझवान
शुब्रा, कैरो, जून १९४३

साक्षीदार:
मुर्सी अबुल-इल्ला, प्रॉम्प्टर
अब्दुल-तव्वाब रिझवान, शफीकाकाकूंचा पुतण्या