अर्ध्या तिकिटावर कोण जातं

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. मालनआत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं खुशाल आहे. तुम्हा नवरा-बायकोत फोन एकच, तो कडूबामामांच्या खिशात वाजतो. निम्मी उत्तरं तेच देतात आणि उरलेली निम्मी तू त्यांच्या तोंडाकडे बघत देतेस. मला तुझ्याशी बोलायचंय, म्हणून हा जुना मार्ग.

तिसऱ्या वर्षाला आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना एका सरकारी धोरणावर निबंध लिहावा लागतो. नुसती माहिती चालत नाही, बाजू घ्यायची आणि ती पुराव्यानिशी लढवायची. मी एसटीतलं बायकांचं अर्धं तिकीट घेतलंय. आमच्या सरोजिनी मॅडमना ही सवलत अजिबात मान्य नाही. तिजोरीतला पैसा असा वाटून टाकला तर नव्या गाड्या कशातून घ्यायच्या, असं त्यांनी वर्गात विचारलं. मी उभी राहिले आणि या सवलतीनं बायका पहिल्यांदा घराबाहेर पडल्या असं ठणकावून सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या की वाटतंय ना, मग दाखव.

खरी गोष्ट वेगळीच आहे. अण्णांनी बी.ए. नंतर शिक्षण बास म्हणून सांगितलंय. मी हट्टाला पेटले तेव्हा म्हणाले, तुझ्या मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की ही पोरगी पुढं शिकावी, तर एम.ए. ला पाठवतो. मॅडम कुणाला सहसा लिहून देत नाहीत हे त्यांनी आधीच काढून ठेवलेलं! तेव्हा हा निबंध उभा राहिला तर मी उभी राहणार.

सोबत चाळीस फॉर्म पाठवतेय. तुमच्या फाट्यावरून सोयगावला जाणाऱ्या बायकांना विचारून भर. अर्ध्या तिकिटानं काय बदललं, एवढाच मुख्य प्रश्न आहे. तू सातवीत पहिली आलेली, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?

मामांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, पण या महिन्यात थोडा जास्तीचा असू दे.

तुझी,
तनुजा

*

सोयगाव तालुका
१६ जानेवारी २०२५

चि. तनुजा हिस,
मालनआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत तीळगूळ आहे, गोड बोल आन तब्येतीला जप. चाळीसच्या चाळीस फॉर्म भरून पाठवले आहेत. एकही रिकामा नाय.

सुरुवातीला लई अडचण आली. बायांना बोलताच येईना. भागूबाईला विचारलं तर म्हणते, मिरच्या आणायला जाते. आता कॉलेजात हे काय सांगायचं? तुझी मॅडम हसली असती. म्हणून मी रात्री बसून चार चांगली उत्तरं तयार केली. मन मोकळं होतं, माहेर जवळ आलं, लेकी शिकायला लागल्या, आत्मविश्वास वाढला. आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून घ्यायचे, अगदी तसं एकेकीकडून फाट्यावर घोकून घेतलं. चंपाबाईला आत्मविश्वास म्हणताच येईना, तिला गाडी येईपर्यंत सोडली नाय. शाळेचं नाव कधी खाली गेलं नव्हतं, तुझंही जाणार नाय.

तुझे मामा म्हणतात की मालन आता मास्तरीण झाली. झाले तर झाले, मला बरं वाटतंय.

जेवण वेळेवर करत जा. आम्हा सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे हे लक्षात ठेव.

तुझी,
आत्या

*

औरंगपुरा
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी फॉर्म उघडले आणि हरखून गेले. चाळीसही जणींचा आत्मविश्वास वाढलेला! तशीच धावत जाऊन मॅडमना दाखवून आले. त्यांनी फॉर्म चाळले, चष्मा पुसला आणि बायका फारच एकमतानं बोलल्या म्हणाल्या. खोलीवर येऊन तीळगूळ तोंडात टाकला आणि मग तुझं पत्र वाचलं. तो घास काही गोड लागला नाही.

रागावले नाही गं. हसावं की रडावं कळेना, एवढंच. तू माझं नाव राखायला धडपडलीस. पण आत्या, मला तुझी उत्तरं नको होती, त्यांची हवी होती. हे फॉर्म तसेच लावले तर कुणाला कळणार नाही, मॅडमना संशय आला तरी त्या सिद्ध करू शकणार नाहीत. खरं सांगते, दिवसभर ते तसेच लावून द्यावेत हाच विचार डोक्यात होता. पण उद्या एम.ए. ला बसून मी दुसऱ्यांचे आकडे तपासणार आणि मी स्वतः इथवर अशा आकड्यांवर आलेली? नाही जमणार. सकाळी मॅडमकडे गेले आणि फॉर्म परत मागून घेतले, कारणही सांगितलं. त्यांनी तीन आठवडे वाढवून दिले, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

नवे फॉर्म पाठवतेय. या वेळी कुणाला काही शिकवू नकोस. मिरच्या तर मिरच्या लिही. आणि बायकांचे नवरे जवळ असताना विचारू नकोस, मामाही जवळ नकोत.

रागावली असशील तर रागाव, पण फॉर्म भर. तुझ्या पोरीवरची माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
तनुजा

*

सोयगाव तालुका
१ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लई राग आला. आपल्या घरची पोरगी परीक्षेला बसली आन आपण हातावर हात धरून बसायचं व्हय? चार दिवस मी त्या फॉर्मला हात लावला नाय. मग भागूबाईच भेटली आन म्हणाली, मालनबाई, त्या दिवशी तुम्ही मला बोलूच दिलं नाय. ते मनाला लागलं.

मग मी नुसती ऐकत बसले. तनू, त्या जे बोलल्या ते तुला आवडणार नाय. भागूबाई म्हणाली, अर्धं तिकीट झाल्यापासून मालकानं गाडीची पायरी चढलेली नाय. तुझं अर्धं लागतं, माझं पूर्ण, तूच जा म्हणतो. दवाखाना, बँक, वीजबिल, बियाणं, सगळं हिच्याकडं आलं. घरी आल्यावर चूल हिचीच. ज्या बाईला विचारावं तिची थोड्याफार फरकानं हीच कथा. माहेरी किती जणी गेल्या म्हणशील, तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

घरी येताना गाडीत एकदम ध्यानात आलं की माझ्या मांडीवर पण तीच बाजाराची पिशवी होती. तुझे मामा आधी बाजाराला जायचे, चहा पिऊन, गप्पा मारून सांजच्याला यायचे. आता ओट्यावर बसून चहा पितात. मला हे इतके दिवस दिसलंच नव्हतं.

तुझी बाजू पडली असं वाटतंय. पण तू खरं मागितलंस, मी खरं पाठवलं. आता त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ, पण खचू नको.

तुझी,
आत्या

*

औरंगपुरा
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म वाचले आणि आधी लिहिलेली सगळी पानं फाडली. दोन दिवस नुसती चिडचिड केली, माझ्या खोलीतली राजनंदिनी तर खोली बदलून मागायला निघाली होती. मग ठरवलं की बाजू पडलेली नाही, ती माझ्या समजुतीपेक्षा अवघड आहे. वाचनालयात ठाण मांडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं. सवलत राहावी हेच माझं म्हणणं आहे. पण किती तिकिटं फाटली यावरून ती मोजू नका, घरातलं कुणाचं काम कुणाकडे गेलं हेही विचारा, असं मांडलंय. पहिले चाळीस फॉर्म का बाद केले तेही लिहिलं. तुझं नाव घातलं नाही, घाबरू नकोस. एक प्रत सोबत आहे.

काल मॅडमसमोर निबंध वाचला. त्या म्हणाल्या, म्हणजे सरकारनं नवऱ्यांच्या विश्रांतीचे पैसे भरले. मीही सोडलं नाही. जी बँकेत जाते तिच्या हातात पासबुक येतं, जी बाजारात उभी राहते ती भाव ठरवते, आणि हे हातात आलेलं सहज परत जात नाही, असं म्हणाले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. उद्या पुरुषांचंही तिकीट अर्धं केलं, तर बाजाराला कोण जाईल?

आत्या, बायकांचं काय झालं ते मी विचारलं, त्यांना काय हवंय ते विचारलंच नाही. ठाऊक नाही म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, शनिवारी, २२ तारखेला दुपारपर्यंत मी कॉलेजात आहे. उत्तर घेऊन ये, मग तुझ्या शिफारसपत्राचं बघू.

तेव्हा तूच विचार आणि लगेच कळव. या वेळी तुझंही उत्तर हवंय. माझा सगळा भार तुझ्यावर, तो तुला जड होऊ नये एवढीच विनंती.

तुझी,
तनुजा

*

सोयगाव तालुका
१८ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निबंध मी तुझ्या मामांना ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला. अवघड शब्दांना अडखळले, पण पुरा वाचला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. उठून बघते तर हे टोपी घालून, पिशवी घेऊन दारात उभे. पूर्ण तिकीट लागलं तर लागू दे, आजपासून मी जातो, तू बस निवांत, असं म्हणाले.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. तर मला असा राग आला म्हणून सांगू! पिशवी हातातून ओढूनच घेतली. बँकेतला साहेब मला नावानं ओळखतो, मिरचीवाला मला बघून भाव खाली आणतो. येताना गाडीत खिडकीशी बसते तर तासभर कुणी पाणी मागत नाय. ते मी कशाला सोडू? त्यांना म्हटलं, बाजार माझा. तुम्हाला माझं ओझं हलकं करायचंय तर घरात राहून धार काढा, भाकरी टाका. टाकल्या त्यांनी. एकीकडून करपल्या, दुसरीकडून कच्च्या, पण मी आल्यावर ताट वाढलेलं होतं. तनू, लग्नाला इतकी वर्षं झाली, बाहेरून येऊन वाढलेल्या ताटावर मी पहिल्यांदा बसले.

बायांनाही विचारलं. भागूबाई म्हणाली, त्याचं तिकीट अर्धं झालं तर मी सुखानं घरी बसेन, गुडघे दुखतात. चंपाबाई म्हणाली, फुकट झालं तरी त्याला जाऊ देणार नाय. दोन्ही लिहून घेतलंय, बाकीच्यांचंही.

पण हे सगळं पत्रात मावत नाय. शनिवारी पहिल्या गाडीनं मीच येते. तुझ्या मॅडमना काय विचारायचं ते मला विचारू दे. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, कॉलेज कुठं आहे ते मी विचारत येईन. तिथून तशीच बिडकीनला दादाकडं, म्हणजे तुझ्या अण्णांकडं, जाणार आहे. मॅडमनी लिहून दिलं तर तो कागद घेऊन जाईन, नाय दिलं तर रिकाम्या हातानं जाईन, पण तुझ्या एम.ए. चं बोलूनच उठेन.

परत कधी येणार, असं तुझ्या मामांनी विचारलं. दादा हो म्हणेल तेव्हा, असं सांगितलं आहे. ते कणीक मळायला शिकतायत.

माझी माया तुला ठाऊकच आहे, वेगळी काय लिहू. भेटीत बोलू.

तुझी,
मालनआत्या