तार सोडायची राहिली

अमरावती, ता. ८ जानेवारी १९४१

ती. बाबांच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

आमच्या मंडळाची मोटार चालवणाऱ्या नत्थुजीकाकांनी मला मोटारीचे सगळे शिकवले. माझ्या चुकीचा आळ त्यांच्यावर आला तेव्हा मी गप्प का राहिले?

आमच्या आरोग्य मंडळाच्या मोटारीमागे पडद्यावर चित्रे दाखवायच्या दिव्याची गाडी जोडलेली असते. मोटार धावताना तिची वीज तारेने मागच्या बॅटऱ्यांत भरते. थांबल्यावर तार सोडायची, नाहीतर त्या बॅटऱ्या मोटारीचीच वीज ओढून घेतात. धारणीकडच्या एका गावात मी बाळंतपणाची चित्रे दाखवत असताना दिवा मंदावला. बायका म्हणाल्या, शेवटचे पुन्हा दाखवा. काका पाटलांकडे जेवायला गेले होते. मोटारीची वीज घ्यायला मी तार जोडली आणि सोडायची विसरले. उजाडताना त्याच गावात एक बाळंतीण अडली. मोटारीची वीज रात्रीतून संपली होती; काका हँडल मारून थकले, मोटार सुरू होईना. तिला बैलगाडीने न्यावे लागले. दोन्ही जीव वाचले, पण काकांना कामावरून काढले. मंडळाचे चिटणीस वामनराव यांच्यासमोर मी खाली पाहत उभी होते.

आशीर्वाद मागायला धजत नाही.

आपली शकुन

अकोला, ता. ११

चि. शकुनले आशीर्वाद.

नत्थुजी काम सुटल्यावर इथंच आला हाय. माह्या भाजीच्या दुकानावर वांगे तोलून राहिला. तराजूले बी मोटारीवानी पुसते. म्या तुही चिठ्ठी नाही दाखवली, नुसतं इचारलं, तार कोनं जोडली होती? म्हने, मीच भुललो, वय झालं. म्या म्हनलं, पंगतीचं बोलावनं कधी भुलला नाहीस, तार कशी भुलला? तवा बोलला, पोरगी घरातली पयली शिकलेली. तिचं नाव खराब झालं तर आपल्याकडच्या बाकीच्या पोरी शाळेतून घरी बसतीन.

तुले काय कराचं ते मी सांगत नाही. पन त्याच्याकडं पाहवत नाही मले. टायमावर जेवत जाय.

तुहा बाप देवीदास

अमरावती, ता. १४

ती. बाबांना दंडवत.

पत्र वाचून तशीच मंडळात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितले. वामनरावांनी विचारले, इतके दिवस काय झाले होते? मी म्हटले, भ्याले. काकांना परत बोलावले आहे, माझे काम गेले. मोटारीची किल्ली मी मागून घेतली आहे. ती त्यांच्या हातात मीच देईन. आपल्याकडच्या शाळेतल्या मुलींनाही जे सांगायचे ते मीच सांगेन.

उद्याचे अकोल्याचे तिकीट काढले आहे. वांगी आता मी तोलीन.

माया असू द्यावी,
शकुन