औंदाचा मुऱ्हाळी

प्रिय प्रयाग,

अरुणावतीच्या अलीकडच्या काठावर, लखीराम भोयाच्या झोपडीत बसून हे लिहितो आहे. छप्पर गळतं, म्हणून एका हाताने कागदावर टोपी धरली आहे. कुठे अक्षर फुटलेलं दिसलं तर वरून थेंब पडला असं समज, बाप रडला असं समजू नकोस. रडायचं ते मी घरीच उरकलं. आता माझ्याजवळ राग आहे आणि चिखल आहे, आणि दोन्ही भरपूर आहेत. समोर नदीपलीकडे तुझं गाव दिसतं. पाणी जरा उतरलं की मी येतोच. औंदा मुऱ्हाळी म्हणून मी स्वतः आलो आहे.

बाप कधी मुऱ्हाळी होतो का, असं तुझी सासू म्हणेल. म्हणू दे. लेकीला सासरहून आणायला भावाने जायचं, सख्खा नसेल तर चुलतभावाने जायचं, आणि बापाने घरी बसून वाटेकडे डोळे लावायचे, ही रीत मी लग्नापासून आजवर पाळली. दर वेळी तुझ्या काकाच्या शालिग्रामला धाडलं आणि दर वेळी तो एकटाच परत आला. पहिल्या आखाडीला तुझे सासरे त्याला म्हणाले, "पान्यापावसाचं पोरीले कशी धाडू? रस्ता हाये काय? दसरा होऊ द्या." दसरा झाल्यावर कापूस वेचायचा होता. संक्रांतीला तुरी सोंगायच्या होत्या. उन्हाळ्यात ऊन होतं, जसं काही आमच्या मेडशीला उन्हाळ्यात बर्फ पडतो. आणि औंदा नागपंचमीला पुन्हा रस्ता नव्हता. शालिग्राम मांडीपर्यंत चिखलाने भरून घरी आला. मी विचारलं, प्रयाग दिसली का रे? तर म्हणाला, "दाराआड उभी होती काका. बोलली नाई. हात पदराखाली घेऊन होती."

आता तूच सांग, रस्ता नाही हे कोणाला सांगावं? मला? अकोल्याहून वाशीमला सर्व्हिस मोटार नेण्यात ज्याची हाडं झिजली त्याला? पातूरच्या घाटात दरड पडली तेव्हा मोटार कोणी काढली? लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधून, घाटात उतारूंना ढकलायला लावून मोटार कोणी पोहोचवली? तुला आठवतं, एकदा तूही त्या मोटारीत होतीस. एक मोठे मालगुजार उतरायला तयार नव्हते. म्हणाले, आम्ही तिकीट काढलं आहे. तू खाली उभी, एवढीशी, केस ओले, आणि कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणालीस, "तिकीट बसाचं हाये, तर मोटार चालू झाल्यावर बसा. आता उतरा." आणि ते उतरले गं! धोतर खोचून ढकलायलाही लागले. मी हसू दाबता दाबता मोटार दगडावर घालणार होतो. ती पोरगी लग्नात रडली नाही म्हणून बायका नावं ठेवत होत्या. तुझ्या सासरी तिला कुठे ठेवली आहे ते मला ठाऊक नाही, पण ती मेलेली नाही एवढं मला पक्कं माहीत आहे.

भाऊबंदांनी मला खूप शहाणपण शिकवलं. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणे. ज्यांच्या पदरी पडायचं असतं त्यांना कोणी विचारत नाही, पवित्र झालं की नाही ते मात्र बाकीचे सगळे ठरवतात. तुझी आई त्या दिवशी चुलीपुढे होती. ती एरवी माझ्या भावांसमोर तोंड उघडत नाही. ती उठली, कोपऱ्यात टांगलेला माझा घोंगता आणून माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "बसून काय राह्यले? मशीन काढा."

मशीन म्हणजे फटफटी. तुला माहीत नाही. लढाई संपल्यावर मिलिटरीने भंगारात काढलेल्या दोन फटफट्या मालेगावच्या निजामुद्दीन मिस्त्रीने आणल्या आणि दोहोंची मिळून एक केली. एकीचं इंजीन, दुसरीच्या चौकटीत. रंग अजून मिलिटरीचाच आहे. मी ती घेतली तेव्हा गावात सगळे म्हणाले, मारोतरावाला म्हातारपणी चळ लागला. लागला खरा. पुढे भोंगा मात्र आपल्या जुन्या मोटारीचा लावला आहे, तोच रबरी फुग्याचा, जो दाबून दाबून तू माझं डोकं उठवायचीस. मोटार मोडीत गेली तेव्हा तो मी काढून ठेवला होता. कशासाठी, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

निघताना तुझ्या आईने भाकरी बांधून दिल्या आणि वर पोळी उलथायचा सराटा दिला. मी म्हटलं, हा कशाला? तर म्हणाली, काळ्या मातीत चाकाले हात लावून बसान काय? बाईची अक्कल बघ. मी पुढच्या चाकावरचं पाखं, चिखल अडवायचा तो पत्रा, आधीच काढून टाकलं होतं, कारण आपली काळी माती पाख्यात भरली की चाक जागचं हलत नाही. पण मागच्याचं काय? मंगरूळच्या पुढे दर कोसाला मी उतरलो आणि तिच्या सराट्याने चिखल खरवडून काढला. बैलगाड्या वाटेत जुवं टाकून उभ्या होत्या आणि आम्ही खरवडत, घसरत, पुन्हा खरवडत पुढे जात होतो. दोनदा आडवा झालो. गुडघा सोलला आहे. त्या सराट्याचं मी तुला पुढे आणखी सांगणार आहे.

आम्ही, असं लिहिलं ना? माझ्या मागे सुलतानबी बसली होती. निजामुद्दीनची आई, बांगड्यावाली सुलतानबी! मेडशीपासून मानोऱ्यापर्यंत एक घर नसेल जिथल्या बायकांच्या हातात तिने बांगड्या भरल्या नाहीत. मालेगावात मी तिच्या दारी थांबलो तर ती तयारच होती, बांगड्यांची टोपली मेणकापडात बांधून. बुरख्यावर तिने निजामुद्दीनचा मिलिटरी कोट चढवला आणि फटफटीला हात लावून विचारलं, "लात मारते का हे?" तेवढं एक विचारलं आणि बसली. वाशीमच्या बाजारात लोक पाऊस विसरून दुकानांतून बाहेर आले. एकजण ओरडला, "बुढा-बुढी कुठी चालले हो?" सुलतानबीने मान वळवून त्याला म्हटलं, "बरातीले चाललो! तुले यायचं हाये काय?" सगळा बाजार हसला. मीही हसलो. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसलो बघ.

मंगरूळच्या दर्ग्यापाशी तिने चालत्या गाडीवरूनच हात कपाळाला लावला आणि त्यानंतर दोन कोसांवर एका नाल्यात फटफटी बंद पडली. पाणी इंजिनाच्या वर गेलं होतं. मी लोटत लोटत काठावर आणली, किक मारून मारून पाय भरून आला, पण ठिणगीच पडेना. तुझा बाप हुशार ना, त्याने मशीन उघडं ठेवलं होतं आणि घोंगता स्वतःला गुंडाळला होता. सुलतानबी टोपली डोक्यावर घेऊन पावसात उभी. म्हणाली, "माह्या बांगड्या कोरड्या अन् तुही मशीन वली! कसला डायवर हायेस रे मारोती?" मग तिने बांगड्यांच्या आतलं सुती फडकं सोडून मला दिलं. मी त्याने एकेक भाग पुसला आणि तिच्या मेणकापडाचा अर्धा तुकडा फाडून मशीनला बांधला. तिसऱ्या किकेला ते जे फुरफुरलं, की सुलतानबीने त्याला दुवा दिली. टोपलीतली एकही बांगडी फुटली नव्हती. एवढ्या वाटेवर मी आयुष्यात इतकी जपून गाडी चालवली नसेल.

आता तुला वाटेल, बाबा या म्हातारीला कशाला हाल करायला आणतात. ऐक. तुझ्या घरात मला कोणी आत घेणार नाही. शालिग्रामला ओसरीच्या पुढे जाऊ दिलं नाही. पण श्रावणात दारी बांगड्यावाली आली तर तिला कोणती सासू परत लावते? सुलतानबी सरळ माजघरात येते, बाईचा हात आपल्या मांडीवर घेते, दाबून मऊ करते आणि बांगडी चढवते. हात लपवून बांगडी भरता येत नाही. आखाडात ती तुझ्याकडे येऊन गेली, आठवतं? तू म्हणालीस, उजव्या हातात नको, डाव्यातच भरा. तिने ऐकलं नाही. उजवा हात ओढून घेतला आणि पाहिला.

ती तुझ्यापाशी काहीच बोलली नाही, कारण सासू शेजारी होती. तिथून ती मधल्या गावांत एक बांगडी न विकता मेडशीला आली. तुझ्या आईसमोर बसली, आईचा हात धरला आणि मनगटाच्या वर, कोपराच्या खाली बोटाने चौकोन काढून दाखवला. "सराटा तापवून लावेल हाये मनकर्णा. एकावर एक. जुना बी हाये, नवा बी हाये. पोरगी हळूच माह्या कानात म्हने, मूल होत नाई म्हून." त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नाही. त्यानंतरच नागपंचमीचं निमित्त करून शालिग्रामला धाडलं होतं. आणि तुझ्या आईने मला सराटाच का दिला, हे मला नाल्यापाशी चिखल काढता काढता कळलं. ती बाई तोंडाने काही सांगत नाही, तुला माहीतच आहे. त्यांनी घरातल्या ज्या वस्तूने तुला डागलं, आम्ही त्याच वस्तूने तुझ्यापर्यंतचा रस्ता साफ केला.

आता पुढचं नीट वाच. हे पत्र सुलतानबीच्या टोपलीत आहे आणि ती पहिल्या डोंग्याने पलीकडे येते आहे. लखीराम तिच्यासाठी तयार आहे; फटफटीसाठी तो दोन डोंगे जोडून वर फळ्या बांधतो आहे, त्याला जरा वेळ लागेल. तेवढ्यात तू हे वाचून चुलीत टाक. पण मी तुला चोरून नेणार नाही. भर दिवसा, गावाच्या मधून, भोंगा वाजवत तुझ्या दारापुढे येणार. ज्या रस्त्याने कोणी येऊ शकत नाही म्हणून सांगत होते, त्याच रस्त्याने. तुझे सासरे पाणी विचारतील. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, तेवढी एक रीत मी पाळणार. तहान लागली तर अंगणात ओंजळ धरीन, वरून हवं तेवढं पडतं आहे. बाकी रीतींचं मला आता काही सांगू नये.

ते विचारतील, सण तर होऊन गेला, आता कोणत्या सणाला नेता? आणि मुऱ्हाळ्याला विचारतात तसं हेही विचारतील, पोरगी परत कधी आणून घालता? शालिग्राम दर वेळी त्यांना दिवस सांगायचा. मी सांगणार नाही. प्रयाग, मी तुला सणाला न्यायला आलो नाही. मी तुला न्यायला आलो आहे. तुझी खोली आईने सारवून ठेवली आहे आणि फटफटीच्या मागच्या बैठकीवर तिने तुझी लहानपणची गोधडी घडी घालून बांधली आहे, ती भिजली आहे, पण मऊ आहे. सुलतानबी म्हणते, येताना ती लखीरामच्या घरी थांबेल आणि मागून बैलगाडीने येईल, तुझी जागा तुला. गाठोडं बांधू नकोस. लुगडं बदलू नकोस. कोणाच्या पाया पडायला थांबू नकोस. सुलतानबी बांगडी भरायला तुझा उजवा हात हातात घेईल. भोंगा ऐकू आला की ऊठ, आणि तिचा हात न सोडता बाहेर ये. हात पदराखाली घेऊ नकोस. सगळ्या गावाला दिसू दे.

तुझाच बाप,
आणि औंदाचा मुऱ्हाळी,
मारोतराव