कोरं पान आणि एक सतरंजी

प्रिय दादा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. फोनवर तू अर्धं ऐकलंस आणि चिडलास.

१. मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी आपलं घर उघडलं.
२. पाचही खोल्या लेसरने मोजल्या. जुन्या नकाशाशी फरक चार सेंटिमीटर, तोही फक्त मागच्या खोलीत.
३. भिंतींची ओल तपासली. सगळीकडे कोरडं.
४. मधल्या खोलीत सतरंजी टाकून झोपले. बावन्न मिनिटं.
५. संध्याकाळी शिक्षिकाबाई घर बघायला येणार होत्या. त्यांना फोन करून सांगितलं, एवढ्यात दाखवता येणार नाही.

तू म्हणालास, "मोजलंस, कोरडं आहे, मग घोडं अडलंय कुठे? विक्रीच्या कागदांवर सह्या करून पाठवल्यात. मला त्या घरात पाऊल टाकायचं नाही. एजंट तू आहेस, तूच बघ." घोडं चौथ्या मुद्द्यावर अडलंय. तो मी फोनवर सांगितला नव्हता, कारण तू हसला असतास. मीही हसले असते.

आजोबा गाद्या भरायचे, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. लोकांच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, दिवसभर कापूस पिंजून. गादी शिवून झाली की ती त्याच खोलीत अंथरून स्वतः तासभर तिच्यावर पडायचे, कापूस कुठे गोळा होतोय का ते बघायला. अशा शेकडो खोल्यांत ते झोपले. मग कोणी तक्रार घेऊन आलं, की तुमच्या गादीवर डोळ्याला डोळा लागत नाही, तर ते म्हणायचे, "गादीला बोल लावू नका, खोली बदला." हळूहळू लोक गादीचं सोडून घराचंच विचारायला लागले. कुठलं रिकामं आहे, कुठल्या घरात झोप लागते. आपला धंदा असा सुरू झाला. बाबांनी पाटी बदलली, कापूस गेला, नियम तेवढा राहिला: ज्या घरात आपण एक दुपार झोपलो नाही, ते घर कुणाला दाखवायचं नाही. बाजारात सगळे म्हणायचे, गादीवाले लोळून कमावतात.

मला त्या नियमाची लाज वाटायची. मी स्थापत्य शिकले ते बहुधा त्यातून सुटण्यासाठीच. ऑफिसात यंत्रं आणली, प्रत्येक घराचा अकरा पानी अहवाल द्यायला लागले. बाबा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि मला म्हणायचे, "फूटपट्टी, झकास आहे. आता जाऊन झोपून ये." मी जायचे नाही. मग ते स्वतः जायचे, काखेत सतरंजी, खिशात वही. वहीत प्रत्येक घराला एक पान आणि पानावर दोन-चार ओळी. एका ठिकाणी लिहिलंय: "उत्तरेची खोली. झोप लागते पण पाय गार पडतात. म्हाताऱ्या माणसांना दाखवू नये." दुसरीकडे: "भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा जिना. पावलं ऐकू येतात. एकट्या माणसाला चालेल, सोबत वाटेल." पावलांचे डेसिबल मी मोजून दिले असते. सोबत वाटेल, हे माझ्या कुठल्या रकान्यात बसलं असतं ते मला अजून सांगता येत नाही.

बेकरीवाल्याचं पानही त्या वहीत आहे. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून एकदाच लिहिते. तो रात्रभर भट्टीवर असायचा आणि दिवसा झोपायचा. शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याला सुट्टी असते तो वार बघून तू त्याला घर दाखवलंस. तिथे झोपला नव्हतास, आणि झोपायची गरजही नव्हती, तुला माहीत होतं. बाबांनी त्याला ऑफिसात बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या हातून चूक झाली." दुसरं घर शोधून दिलं. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत," आणि बॅग भरलीस. त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण तू तिथेच उभा होतास, आणि सगळे तुझ्याकडेच बघत होते, हेही खरं. चूक कुणाची किती, ते मी सात वर्षांत मोजू शकलेले नाही. गेल्या वर्षी बाबांना स्मशानात पोचवून तू दुपारच्याच गाडीने परत गेलास. आई माझ्याकडे राहायला आली आणि घर बंद झालं.

तर मंगळवारी मी झोपले. यंत्रं दाराशी ठेवली, घड्याळ काढून त्यांच्यावर ठेवलं. खिडकीच्या गजांची सावली छतावर पडली होती आणि बाहेरून सायकल गेली की ती हलायची, जणू छत पाण्याखाली आहे. भिंत इतकी गार होती की मी पाय वर करून तिला टेकवले, आपण दोघं टेकवायचो तसे, तुझे नेहमी माझ्यापेक्षा दोन विटा वर. मग खोली लांब लांब होत गेली. पलीकडे कुणीतरी वहीचं पान उलटत होतं, सावकाश, उठवायचं नाही अशा बेताने. मला कळत होतं की घरात कुणी नाही. तरी मी पान उलटायचा आवाज मोजत राहिले आणि सातनंतर आकडा चुकला. जाग आली तेव्हा गजांची सावली छतावरून भिंतीवर उतरली होती आणि आपल्याला चहाला हाक मारायची कुणीतरी विसरलंय असं वाटलं.

उठून आपल्या घराचं पान लिहायला वही उघडली. पान होतं. वर बाबांच्या अक्षरात पत्ता, खाली कोरं. मीही पेन घेऊन बसले आणि मला एक ओळ सुचेना. या घराची हवा मला वेगळी जाणवतच नाही; स्वतःच्या तोंडाची चव सांगता येते का? बाबांचंही तेच झालं असणार. म्हणून मागची पानं चाळली, ते कसं लिहायचे ते बघायला. आणि सहा वर्षांपूर्वीचं एक पान सापडलं, तुमच्या शहरातलं.

हे पत्र त्या पानासाठी आहे. जसंच्या तसं उतरवते: "मुलगा घेणार आहे ते घर. चौथा मजला. तिथल्या एजंटला गिऱ्हाईक म्हणून सांगितलं. लिफ्टचा आवाज झोपायच्या खोलीत येत नाही. साडेतीननंतर ऊन तोंडावर येतं, जाड पडदा लागेल, सहा फूट दोन बाय चार फूट सात. तासभर शांत झोप. घ्यावं." त्या तारखेला ते डोळे तपासायला गेले होते. आईला विचारलं तर म्हणाली, "डोळे तपासायला सतरंजी कशाला लागते, हे मी तेव्हाच विचारलं होतं." तिने पाठवलेला पडदा खिडकीला तंतोतंत बसला, तेव्हा तू मला फोन करून म्हणाला होतास, माप फूटपट्टीनेच काढलं असणार. मी तुझ्या घरी कधी आलेले नाही, दादा. तरी माप माझं नव्हे, असं मी तेव्हा म्हटलं नाही. ते आज म्हणते. आपल्या घराचं पान सात वर्षं बाहेर झोपलेला माणूसच लिहू शकेल. एक दुपार ये. सतरंजी मी आणते, ऑफिसात थांबते, मध्ये येणार नाही. तू लिहिशील ते शिक्षिकाबाईंना वाचून दाखवेन आणि मगच घर दाखवेन. त्यांना मी महिनाअखेरपर्यंत थांबवलंय. येतोस की नाही, ते शुक्रवारी, वीस तारखेला, संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
फूटपट्टी